फोन आला की एवढंच सांगा

लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायची वेळ आली की आमचे पाहुणे अडखळतात. भावकीत एक डॉक्टर आहे, एक वकील आहे, एकाचं रंगाचं दुकान आहे. माझ्यापाशी आले की, “आणि हे... हे कंप्युटरला कुलूप बसवतात,” असं म्हणून पुढच्या माणसाकडं सरकतात. एकदा एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन त्यांच्या कपाटाचं कुलूप बघाल का, असं विचारलं होतं. मी नाही म्हणालो नाही. तेल सोडून दिलं, चाललं.

कुलूपवाला हे नाव मला कोल्हापुरानं दिलं आणि मला ते आवडतं. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, दोन कंप्युटर, एक फोन, मी आणि माझी बायको सुनंदा. दोन हजार सालानंतर आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना वेबसाईट काढायची हौस आली, तेव्हा साईट बनवून देणारे गल्लोगल्ली झाले. साईट बनवणं मलाही यायचं. पण ती बिघडली की कुठं नेऊन दाखवायची हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यातही कुलूप बिघडलं तर सगळे हात वर करायचे. ते काम मी धरलं.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या काळात इंटरनेटवर पैसे भरायच्या पानावर गेलं की खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलंसं पिवळं कुलूप दिसायचं. त्याचे अर्थ दोन. एक, तुम्ही टाईप केलेला कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येणार नाही. दोन, तुम्ही ज्याच्या दारात उभे आहात तो खरोखर तोच आहे. हा दुसरा अर्थ लोक विसरतात, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं त्या दुसऱ्या अर्थात गेली. परीक्षेच्या अर्जाला जोडायच्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरचा सही-शिक्का घ्यायला आपण हिंडायचो, ते आठवा. ऑफिसर मूळ कागद बघायचा आणि मगच ‘खरी प्रत’ म्हणून सही ठोकायचा. तसंच इथं. प्रमाणपत्र देणारी कंपनी तुमचे कागद तपासते आणि मग साऱ्या जगाला सांगते की ही साईट अमुक गावच्या अमुक फर्मची आहे. त्या प्रमाणपत्राला मुदत असते, त्यावर नाव असतं. मुदत टळली किंवा नाव जुळलं नाही की गिऱ्हाइकाच्या तोंडावर ही भलीमोठी सूचना येते, पुढं जाऊ नका म्हणून. आणि पानाच्या तळाला जो विश्वासाचा शिक्का दिसतो, त्यावर क्लिक केलं की कंपनीचं पान उघडून साईटीच्या मालकाचं नाव दाखवतं. यातलं काहीही बिघडलं की माणसं आमचा जिना चढून यायची.

शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याचा एकदा फोन आला. “ताबडतोब या, आपल्याला कुणीतरी हॅक केलंय.” गेलो. बँकेची साईट उघडली तर सूचना, जर्मनीच्या गिऱ्हाइकाची उघडली तर सूचना. मालक घामाघूम. मी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. त्यांचा कंप्युटर अजून तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत होता. आतला रुपयाएवढा सेल संपलेला, त्यामुळं रोज सकाळी चालू केलं की घड्याळ मागं जायचं, आणि त्याच्या हिशेबानं जगातली सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती. सेल बदलला. मालकांनी बँकेची साईट पुन्हा उघडून बघितली, सूचना नव्हती.

“म्हंजे जगाचं बरोबर हाय, आणि आमचंच चुकलंय?”

“व्हय,” मी म्हणालो.

“हे बाहीर कुठं बोलू नका,” ते म्हणाले. इतकी वर्षं बोललो नाही, आता नाव न घेता बोलतोय.

दुसरे एक चप्पलवाले. माणूस दिलदार, साईटही छान, पण तळाला पाच शिक्के ओळीनं लावलेले. मी एकेकावर क्लिक केलं, काहीच उघडेना. “कुठनं आणले?” म्हणून विचारलं तर म्हणाले, “दुसऱ्याच्या साईटीवरनं उचलले की. चित्रंच हाईत न्हवं?” त्यांच्या चपलेच्या तळव्यावर त्यांच्या आजोबांच्या नावाचा ठसा असतो. मी विचारलं, “कुणी स्वतःच्या चपलेवर तुमचा ठसा मारून विकला तर?” एका क्षणात उत्तर आलं, “तंगडी मोडीन.” मग स्वतःच म्हणाले, “काढा ते पाची. एकच लावा, पण खरा लावा. आणि मोठा लावा की जरा.” शिक्क्याचं माप कंपनी ठरवते, मोठा लावता येत नाही हे त्यांना पटवायला मला साईट दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. प्रमाणपत्राचा अर्ज करताना आपल्या कंप्युटरवर एक गुप्त किल्ली तयार होते. प्रमाणपत्र आलं की ते त्याच किल्लीला बसतं, दुसरीला नाही. कागलच्या एका बियाणेवाल्याचा अर्ज मी पाठवला आणि प्रमाणपत्र यायच्या आत व्हायरस झाला म्हणून तो कंप्युटर पुसून कोरा केला. किल्ली गेली. चार दिवस त्यांची साईट बंद राहिली, ऐन पेरणीच्या तोंडावर. मी मान खाली घालून सांगायला गेलो, तर तो भला माणूस म्हणाला, “हुतंय की. म्या बी एकदा ट्रॅक्टरची किल्ली हिरीत टाकली व्हती.” त्याच्या त्या बोलण्यानं मला जास्तच लाजल्यासारखं झालं. तेव्हापासून किल्लीच्या तीन प्रती ठेवायची शिस्त सुनंदानं लावली. मुदतीच्या तारखाही तीच सांभाळायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थीच्या शेजारी लाल पेनानं गिऱ्हाइकांची नावं असायची. तिच्या कारकिर्दीत आमच्याकडच्या एकाही गिऱ्हाइकाची मुदत टळली नाही. मी विसरायचो, ती नाही.

हे सगळं सांगितलं ते ओळख व्हावी म्हणून. मला खरं सांगायचंय ते जयसिंगपूरच्या गिरिजाबाईंबद्दल.

एक दिवस दुपारी तिशीची एक बाई जिना चढून आल्या. हातात एका ईमेलची प्रत, घडी घालून घालून मऊ झालेली. जयसिंगपुरात त्यांच्या सासऱ्यांचं कापडाचं जुनं दुकान. ‘गुरुपादप्पा अँड सन्स’. गुरुपादप्पा म्हणजे सासऱ्यांचे वडील, ते कधीच गेलेले. घरात कानडी, दुकानात मराठी. गिरिजाबाईंनी दुकानाच्या माडीवर एक कंप्युटर मांडून इरकली साड्या आणि खण विकायची साईट सुरू केली होती. मागावरच्या बायकांना त्या नावानं ओळखायच्या. साडीचा फोटो, पदराचा फोटो, विणणारीचा फोटो, सगळं स्वतः काढायच्या. अमेरिकेतल्या मराठी आणि कानडी बायकांच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या. आणि तिथल्याच एका बाईनं लिहिलं होतं, ‘तुमची साडी मनात भरली, पण तुमची साईटच मला सांगतेय की हिचं नाव दुसरंच आहे. मी कार्डाचा नंबर कसा देऊ?’

दुखणं मला लगेच कळलं. ज्यांच्याकडं त्यांनी साईट ठेवली होती त्या कंपनीनं स्वतःचंच प्रमाणपत्र सगळ्या गिऱ्हाइकांना वापरायला दिलं होतं. दुकान यांचं आणि दारावर पाटी तिसऱ्याची.

“एवढंच नाही,” गिरिजाबाई म्हणाल्या. कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या बँकेनं कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत फर्मच्या स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र लागलं नाही तर कार्ड बंद. “दिवाळीसाठी पस्तीस साड्या मागावर चढल्यात. माझ्या शब्दावर. आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला दिवाळीपर्यंतच मुदत दिलीय. जमलं तर जमलं, नाहीतर माडी त्यांना गठ्ठे ठेवायला पाहिजे.”

“होऊन जाईल,” मी म्हणालो. त्या दिवशी मला यात अवघड काही दिसलंच नव्हतं.

अर्ज भरला. फर्मचे कागद जोडले. अर्जदार म्हणून गिरिजाबाईंचं नाव घातलं आणि त्यापुढच्या खोक्यात ‘कर्मचारी’ अशी खूण केली, कारण मालकाच्या आणि भागीदाराच्या खोक्यात त्यांचं नाव घालता येईल असा एकही कागद नव्हता. आता शेवटची पायरी उरली, फोनची. प्रमाणपत्र देणारी कंपनी फर्मला फोन करून खात्री करते की ही व्यक्ती खरंच तुमच्याकडची आहे का. मेख अशी की आपण दिलेल्या नंबरवर ते फोन करत नाहीत. टेलिफोनच्या डिरेक्टरीत फर्मच्या नावापुढं जो नंबर असेल त्यावर करतात. नाहीतर उद्या मी माझाच नंबर देईन, मीच उचलीन आणि मीच व्हय म्हणीन.

डिरेक्टरीतला नंबर दुकानाच्या गादीवरचा होता. तिथं सासरे बसायचे, मल्लाप्पा अण्णा. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, आवाज असा की समोरच्या स्टँडवरचा कंडक्टर वळून बघेल. त्या दुकानातला एक नियम होता. फोन अण्णांनी उचलायचा, दुसऱ्या कुणी नाही. मुलगा शिवानंद, म्हणजे गिरिजाबाईंचा नवरा, शेजारी बसून कापड मोजायचा, पण फोन वाजला तरी तो हात पुढं करायचा नाही. म्हणून मी मुद्दाम जयसिंगपूरला गेलो आणि अण्णांच्या समोर बसून समजावलं.

“अण्णा, बेंगळूरहून त्या कंपनीचा फोन येईल. फोन आला की एवढंच सांगा. होय, गिरिजा आमच्या फर्ममध्ये काम करतात.”

“एवढंच?” अण्णा हसले. “ह्यासाठी कोल्हापुरासनं आलासा व्हय? च्या घ्या.”

पाचव्या दिवशी कंपनीकडून उत्तर आलं. ‘सदर व्यक्ती आपल्याकडे कामाला नसल्याचे संस्थेनेच कळवले आहे. अर्ज नामंजूर.’

माझ्या धंद्यात याहून वाईट उत्तर नाही. याचा अर्थ असा की मी एका खोट्या बाईला पुढं करून दुसऱ्याच्या दुकानाचं नाव लाटायला निघालो होतो. सुनंदानं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, “अकरा दिवस उरले.” मी मोटारसायकल काढली ती थेट जयसिंगपूर. अंकलीचा पूल जयसिंगपूरच्या पुढं, त्याच्या आधीच वळायचं असतं एवढंही भान नव्हतं, पुलापर्यंत जाऊन परत आलो.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच विचारलं, “अण्णा, फोन आला होता?”

“आलता की.” अण्णा खुशीत होते. “पोरगी झ्याक कानडी बोलत व्हती. धारवाडकडची असणार. म्हटली, गिरिजा म्हणून कोण तुमच्याकडं कामाला हाईत का?”

“मग?”

“म्या म्हटलं, न्हाय.”

“न्हाय?”

“मग काय म्हणू? समोर सोयरं बसल्यालं, हितं दोन गिऱ्हाइकं. म्या सांगितलं, आमच्या घरातली बाई कुणाकडं कामाला नसती. माझी थोरली सून हाय ती. त्या पोरीनं परत इचारलं, म्हंजे फर्ममधी न्हाईत का? म्हटलं फर्ममधी कशाला, घरात हाय. मानानं हाय.”

फोनवर काही ऐकण्यात चूक झाली नव्हती. भाषेची अडचण नव्हती. अण्णांना प्रश्न नीट कळला होता आणि त्यांनी अगदी मनापासून खरं उत्तर दिलं होतं. सुनेला नोकर म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मला राग आवरेना.

“अण्णा, तुम्ही तिचा मान राखायला गेलात आणि तिचं दुकान बंद केलंत.”

दुकानात एवढ्या मोठ्यानं अण्णांशी कुणी बोललं नसावं. शिवानंदनं मोजलेलंच कापड पुन्हा मोजायला घेतलं. अण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, “पावणं, सुनंला नोकर म्हणायची रीत आमच्यात न्हाय. तुमच्या फारमात असंल.”

माडीच्या जिन्यात गिरिजाबाई उभ्या होत्या. कधी खाली आल्या कळलंच नाही. आवाज चढवला नाही, पण शब्द दुकानभर ऐकू आले.

“मामा, रोज सकाळी नऊला मी माडी चढते ते काय करायला? नोकर म्हणायला तुम्हाला लाज वाटती, मालक म्हणायला जीभ रेटत न्हाय. मग मी हाय तरी कोण?”

गिऱ्हाइकानं हातातला खण खाली ठेवला. अण्णांनी टोपी घातली, चपला शोधल्या आणि जेवायची वेळ झालेली नसताना घरी निघून गेले.

गिरिजाबाई मला म्हणाल्या, “तुम्ही मला नोकरच लिहा परत. मला चालतंय. मी त्यांना समजावते.” मी सांगितलं की नामंजूर झालेला अर्ज परत तसाच जात नाही, आणि गेला तरी फोन पुन्हा याच गादीवर येणार. फॉर्मवर खोकी दोनच आहेत, एक कामाला असणाऱ्यांचं, एक मालक-भागीदारांचं. सुनेचं खोकं नाही. हे मी शिवानंदच्या देखत बोललो, आणि त्यानं ते घरी नेऊन सांगितलं असावं.

परत येताना मला वाटलं, गेलं हे काम. पस्तीस साड्या विणणाऱ्या बायकांना काय सांगायचं याचा विचार त्या करत असतील, आणि मी नुसतं कुलूपवाला म्हणून मिरवत होतो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन वाजला. सुनंदानं उचलला आणि रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून म्हणाली, “जयसिंगपूरचे अण्णा आहेत.” तिनं सांगायची गरज नव्हती, मला ऐकू येत होतं.

“कुलूपवालं, त्या फारमावर दोनच खोकी हाईत म्हटलासा न्हवं?”

“व्हय, अण्णा.”

“मग दुसऱ्यात घाला तिला. वकील बसवलाय हितं. काय काय कागद लागत्यात त्ये त्याला सांगा.”

त्या एका रात्रीत त्यांच्या घरात काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. एवढंच कळलं की भागीदारीचा नवा करार झाला, स्टँपपेपरवर, नोटरीपुढं. मल्लाप्पा, शिवानंद आणि गिरिजा. गुरुपादप्पा अँड सन्समध्ये पहिल्यांदाच एका बाईचं नाव आलं. नवा अर्ज गेला तेव्हा हातात आठ दिवस होते. आधीचा अर्ज नामंजूर झाल्यामुळं कंपनी या खेपेला प्रत्येक कागद उलटून-पालटून बघत होती. करार पाठवा, टेलिफोनचं बिल पाठवा, वकिलाचं पत्र पाठवा. फॅक्स नीट गेला नाही, पुन्हा पाठवा. यात चार दिवस गेले आणि फोन बाकीच होता.

या खेपेला मी धोका पत्करणार नव्हतो. मी जयसिंगपूरला जाऊन गादीच्या कडेला ठाण मांडलं. पहिला दिवस गेला. अण्णांनी मला सहा वेळा चहा पाजला आणि इरकलीच्या काठांच्या गोमी आणि परासपेठ या दोन नक्ष्यांमधला फरक सांगितला. त्यांना पुन्हा शिकवायची माझी छाती झाली नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तर म्हणाले, “तुम्ही गप बसा. म्हाईत हाय मला.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकान भरलेलं, आणि फोन वाजला. अण्णांनी उचलला, दोन शब्द ऐकले आणि कानडी सुरू केली. मी जीव कानात आणून ऐकत होतो. पलीकडून एक प्रश्न आला. अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले,

“इल्ला.”

कानडी मला येत नाही, पण ‘इल्ला’ म्हणजे ‘नाही’ एवढं कोल्हापूरच्या प्रत्येकाला कळतं. दोन दिवस राहिले होते आणि हा म्हातारा पुन्हा नाही म्हणाला होता. मी उठून फोन हिसकावून घेणारच होतो. पण अण्णा थांबले नव्हते. डोळे समोरच्या गिऱ्हाइकांवर, आवाज आणखी चढलेला, एक लांबलचक वाक्य. त्यातला मला एकच शब्द कळला, ‘पार्टनर’. तो त्यांनी दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा शिवानंदनं हातातली मीटरची पट्टी खाली ठेवली.

मग अण्णांनी रिसीव्हरवर हात धरला आणि जिन्याकडं बघून मराठीत हाक मारली, “गिरिजा! खाली ये. तुझ्याशीच बोलायचं म्हणत्यात. मला त्यातलं काय कळतंय?”

त्या खाली आल्या आणि गादीच्या कडेला थांबल्या. त्या घरातली बाई कधी त्या गादीवर चढलेली नव्हती. फोनची वायर आखूड होती. अण्णा बसल्या जागेवरून हातभर बाजूला सरकले, पांढऱ्या चादरीवर थाप मारली आणि म्हणाले, “बस.”

त्या बसल्या. पलीकडच्या मुलीनं साईटचं नाव विचारलं, फर्ममधलं पद विचारलं. गिरिजाबाई उत्तरं देत होत्या आणि भरल्या दुकानात कुणी कापडाचा भाव विचारत नव्हतं. मला अण्णांचं ते लांबलचक वाक्य काय होतं ते जाणून घ्यायचं होतं. फोन ठेवल्यावर गिरिजाबाईंनी पदरानं डोळे पुसत सांगितलं, त्यांना ते त्या मुलीनंच फोनवर सांगितलं होतं. त्या मुलीनं पुन्हा विचारलं होतं, गिरिजा तुमच्याकडं कामाला आहेत का? आणि अण्णा म्हणाले होते, “नाही. कामाला नाहीत. त्या फर्मच्या पार्टनर आहेत, माझ्यासारख्याच पार्टनर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र आलं. ते मी माडीवरच्या त्या कंप्युटरवर बसून लावलं, किल्लीच्या तीन प्रती काढूनच. खालच्या कोपऱ्यात कुलूप आलं, सूचना गेली. अमेरिकेतल्या त्या बाईंना गिरिजाबाईंनी स्वतः कळवलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांची ऑर्डर आली, एक नव्हे तर दोन साड्यांची. पस्तीसच्या पस्तीस साड्या दिवाळीच्या आत गेल्या. माडीवर गठ्ठे काही चढले नाहीत. माझ्या आयुष्यात मी बरीच अवघड कामं केली, पण त्या जिन्यावरून उतरताना मला माझ्या धंद्याचा जो अभिमान वाटला तसा नंतर कधी वाटला नाही. मी कुलपं बसवतो असं त्या दिवसापासून मी स्वतःच छाती काढून सांगायला लागलो.

अण्णा मात्र खूश नव्हते. ते माडी चढून आले, धापा टाकत, आणि म्हणाले, “दाखवा तो शिक्का.” मी क्लिक करून दाखवलं. पान उघडलं, ‘गुरुपादप्पा अँड सन्स, जयसिंगपूर’ आणि खाली मुदत.

“हिचं नाव कुठाय?”

“माणसाचं नाव नसतं त्यावर, अण्णा. फर्मचंच असतं.”

“एवढी चौकशी केली, वकील झाला, फोन झालं दोन, आणि नाव न्हाय?” त्यांना ते पटलंच नाही. “छापून द्या एक मला हे.” मी छापून दिलं. ते घडी न घालता, दोन्ही हातांत आडवं धरून खाली घेऊन गेले.

एक गोष्ट कबूल करतो. त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात घरी येऊन सुनंदाला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि आपल्या ऑफिसच्या कागदावर मी कोणत्या खोक्यात आहे?” मी हसण्यावारी नेलं. तारखा तिच्या, किल्ल्या तिच्या, फोन तिचा, आणि पाटीवर फक्त माझं नाव. ती पाटी बदलायला मला त्यानंतर तीन वर्षं लागली. अण्णांना एक रात्र पुरली होती. ही गोष्ट मला आजही टोचते.

आता हा धंदा उरला नाही. प्रमाणपत्र फुकट मिळतं, यंत्रच यंत्राकडून घेतं, मुदत संपली की आपोआप नवं येतं. कुणी कुणाला फोन करून विचारत नाही की ही बाई तुमची कोण. सोय झाली यात शंका नाही. मला मात्र त्या फोनची आठवण येते.

गेल्या वर्षी सुनंदाला इरकल घ्यायची म्हणून आम्ही दोघं जयसिंगपूरला गेलो. अण्णा जाऊन काही वर्षं झाली. गादीवर गिरिजाबाई होत्या, केस पिकलेले, फोन डाव्या हाताला. मागच्या भिंतीवर गुरुपादप्पांचा फोटो, शेजारी अण्णांचा, आणि त्या दोघांच्या मधोमध एक चौकट. ओळखायला मला वेळ लागला. मी छापून दिलेला तो कागद होता, पिवळा पडलेला. छापील नावाच्या खाली निळ्या शाईत, अण्णांच्या हातचं, थरथरतं पण मोठ्या अक्षरात, ‘गिरिजा शिवानंद, मालक’. आणि त्याखाली त्यांची सही.

माझ्यातला कुलूपवाला गप्प बसेना. मी म्हणालो, “वहिनी, याची मुदत केव्हाच संपली. आता क्लिक करायला ते पानसुद्धा शिल्लक नाही.”

त्यांनी सुनंदापुढं एक साडी उलगडली, पदर तिच्या खांद्यावर टाकून बघितला आणि वर न बघताच म्हणाल्या,

“वरचं संपलं असंल. खालची सही अजून चालती की.”